आधी वाइन गार करा

घरी कॉकटेल करणारे बहुतेक जण ही कला जिन, रम किंवा व्हिस्कीवर शिकलेले असतात. शेकर बर्फाने भरायचा, दणकून हलवायचा, गाळून घ्यायचं आणि वर लिंबाची चकती. हीच रीत वाइनवर चालवली की ग्लासात पाणचट, आंबूस असं काहीतरी उतरतं आणि ‘वाइनची कॉकटेलं घरी जमत नाहीत’ असा निकाल लागतो. खरं तर ती जमतात, आणि शेकरवाल्या कॉकटेलांपेक्षा सोपी आहेत. फक्त त्यात पाणी किती आणि कधी शिरतं, यावर नजर ठेवावी लागते.

आपल्याकडे मिळणाऱ्या जिनमध्ये सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिली जिन बर्फाबरोबर हलवली की तिच्यात २०-२५ मिली पाणी उतरतं, तरी ती ३० टक्क्यांच्या आसपास राहते. तिला त्या पाण्याची गरजच असते, कारण त्याने जाळ कमी होतो आणि वास मोकळा होतो. आता वाइन घ्या. मे महिन्यात कपाटात ठेवलेली, १२.५ टक्क्यांची नाशिकची शेनिन ब्लाँ. बाटलीचं तापमान ३० अंश. त्यातली १५० मिली ग्लासात ओतून बर्फ टाकला आणि ती पाच अंशांवर आणायची म्हटली, तर सुमारे ३,७५० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो आणि झालेलं पाणी पाच अंशांपर्यंत येताना आणखी पाच. म्हणजे जवळजवळ ४४ ग्रॅम बर्फाचं पाणी होतं. वाइन दहा टक्क्यांच्या खाली येते, आणि सोडा तर अजून घातलेलाच नाही. हीच बाटली आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवली असती, तर बर्फाला वितळण्याचं कारणच उरलं नसतं. म्हणून या प्रकरणातल्या गार पेयांच्या सगळ्या कृतींची पहिली पायरी तीच आहे: वाइन, सोडा, रस आणि जमलं तर ग्लाससुद्धा आधी गार करून घ्यायचे. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात खुपसलेली बाटली इतक्या लवकर गार होत नाही, कारण खड्यांच्या मध्ये हवा राहते. पाणी मात्र काचेला सगळीकडून लागतं.

पाण्याने फक्त अल्कोहोल उतरतं असं नाही, तोलही ढळतो. वाइन ही वाइनरीतून निघतानाच आंबट, गोड, तुरट यांचा तोल साधून निघालेली असते. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये दर लिटरला साधारण सहा-सात ग्रॅम आम्ल असतं आणि साखर जवळजवळ नसतेच. त्यात सवयीने अर्धं लिंबू पिळलं तर काय होतं ते पाहा. १२० मिली वाइनमध्ये आम्ल जेमतेम पाऊण ग्रॅम असतं. लिंबाच्या रसात सुमारे सहा टक्के आम्ल धरलं, तर १५ मिली रसाबरोबर आणखी ०.९ ग्रॅम येतं. आंबटपणा एका झटक्यात दुपटीच्या वर. जिनमध्ये स्वतःचं आम्ल नसतं, म्हणून तिला लिंबू लागतं. वाइनला क्वचितच लागतं. वास हवा असेल तर लिंबाच्या सालीची पातळ पट्टी ग्लासावर पिळा, त्यातलं तेल पुरतं. रस घालायचाच असेल तर त्याच्या जोडीला तेवढाच साखरेचा पाक हवा. निम्मी साखर आणि निम्मं पाणी अशा पाकाच्या १५ मिलीत नऊ ग्रॅमच्या आसपास साखर असते.

वाइनमध्ये पाणी घालून ती बिघडू न देण्याचा प्रश्न ज्या प्रदेशाने सगळ्यांत चांगला सोडवला, तो म्हणजे इटलीचा ईशान्य कोपरा, व्हेनेतो. १८१५ ते १८६६ या काळात व्हेनिस आणि आसपासचा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तिथे आलेल्या ऑस्ट्रियन सैनिकांना आणि कारकुनांना स्थानिक वाइन कडक वाटायची, त्यामुळे ते तिच्यात पाण्याचा शिडकावा मागायचे, असं सांगतात. स्प्रिट्झचा उगम हा. पुढे सोड्याच्या नळीच्या बाटल्या आल्या आणि साध्या पाण्याऐवजी बुडबुडे आले. तरीही हे पेय म्हणजे पातळ केलेली वाइनच होती. त्यात जीव आला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ मध्ये पादुआच्या प्रदर्शनात लुईजी आणि सिल्व्हिओ या बार्बिएरी बंधूंनी आपरोल मांडलं. कडू-गोड संत्रं, जेन्शन, ऱ्हुबार्ब आणि सिंकोनाची साल यांचं नारिंगी रंगाचं, अवघ्या ११ टक्क्यांचं हे पेय. मिलानचं कँपारी त्याच्या आधी, १८६० मध्ये आलेलं होतं, पण ते जास्त कडू आणि दुपटीहून कडक. यातलं काही वाइन-सोड्यात पडलं की पाण्याने गेलेलं सगळं परत येतं: साखरेमुळे अंग भरतं, कडूपणामुळे चव जिभेवर रेंगाळते, आणि सालीच्या तेलामुळे नाकाला काम मिळतं. व्हेनेतोच्या लोकांनी पाणी काढून टाकलं नाही, पाण्याला पुरून उरेल अशी चव शोधली. वाइनच्या कॉकटेलांबद्दल मला जे कळलं आहे, त्यातलं बहुतेक याच एका ग्लासात आहे.

त्याची कृती तीन-दोन-एक अशी लक्षात ठेवतात. मोठ्या ग्लासात बर्फाचे मोठे खडे, त्यावर ९० मिली प्रोसेक्को (बुडबुड्यांची इटालियन वाइन), ६० मिली आपरोल, ३० मिली सोडा, संत्र्याची एक चकती, आणि चमच्याने एकदाच, हलक्या हाताने खालून वर. गणित केलं तर हा ग्लास नऊ टक्क्यांच्या थोडा वर भरतो आणि त्यात साडेसोळा मिली शुद्ध अल्कोहोल असतं. दीडशे मिली वाइनमध्ये असतं त्याहून हे थोडंसंच कमी. चव सरबतासारखी लागते म्हणून लोक एकामागून एक तीन ग्लास घेतात आणि मग गाडीच्या किल्ल्या शोधतात. यजमानाने हा हिशेब पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावा.

आयात बाटली परवडणारी नसेल तर घरी एक पर्याय चांगला जमतो. नागपुरी संत्र्याची साल आतल्या पांढऱ्या अस्तरासकट उभी चिरा आणि एक वाटी साखर, एक वाटी पाणी यांत मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. गोडीबरोबर स्वच्छ कडवटपणा उतरतो. हा पाक गाळून, गार करून ३० मिली घ्या, वर १२० मिली कोरडी पांढरी किंवा स्पार्कलिंग वाइन, आणि साध्या सोड्याऐवजी ६० मिली टॉनिक वॉटर. टॉनिकमध्ये क्विनाइन असतं. आपरोलमधल्या सिंकोनाच्या सालीचाच तो कडू गुण. आपरोलची सर येणार नाही, पण रचना तीच असल्याने तोल तसाच बसतो.

पाण्याला पुरून उरण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वाइनच कडक घेणं. स्पेनच्या हेरेस भागातल्या शेरीत आंबवणं झाल्यावर द्राक्षाचं स्पिरिट घालतात. तिच्या गडद प्रकारांत अल्कोहोल १७ ते २० टक्क्यांपर्यंत असतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या शेरीला बर्फ भेटला. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बॉस्टनचा व्यापारी न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने जगभर धाडत होता. १८३३ मध्ये त्याचं जहाज कलकत्त्याला पोचलं, आणि त्याच दशकात तो बर्फ मुंबईतही उतरू लागला. फोर्टात गोदीजवळ त्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं. बर्फ स्वस्त झाल्यावर अमेरिकेत शेरी कॉब्लर घरोघरी गेलं: शेरी, चमचाभर साखर, संत्र्याच्या दोन-तीन चकत्या, सगळं हलवून ठेचलेल्या बर्फावर ओतायचं आणि नळीने प्यायचं. पेयात नळी घालून पिण्याची सवय लोकांना लागली त्यात या पेयाचा वाटा मोठा आहे. चार्ल्स डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’मध्येही ते येतं. जेरी थॉमसच्या १८६२ च्या पुस्तकात, म्हणजे कॉकटेलांच्या पहिल्या मोठ्या छापील संग्रहात, त्याची कृती दिलेली आहे. ठेचलेला बर्फ भराभर वितळतो, हलक्या वाइनला तर तो मारूनच टाकतो. शेरी टिकते, कारण तिच्याकडे उतरायला जागा आहे.

हाच न्याय पोर्टला. पोर्तुगालमध्ये उन्हाळ्यात कोरडी पांढरी पोर्ट आणि टॉनिक, एकास दोन, लिंबाची साल आणि पुदिन्याचं पान असं पेय सर्रास घेतात. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड लाल वाइन दोउरो खोऱ्यातल्या पोर्टहून निराळी, साधी आणि स्वस्त. नुसती प्यायला ती मला फार गोड वाटते. पण तिच्यात साखर भरपूर असल्यामुळे इथे लिंबू खुशाल चालतं: ९० मिली वाइन, १५ मिली लिंबाचा रस, ६० मिली सोडा, चिमूटभर मीठ. गोडी खाली येते आणि पेय उभं राहतं. व्हर्मूथही याच घराण्यातलं. १७८६ मध्ये तुरीनमध्ये आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानोने बाजारात आणलेलं व्हर्मूथ म्हणजे वनस्पती आणि मसाले घातलेली, थोडी कडक केलेली वाइन. गोड व्हर्मूथ, बर्फ, सोडा आणि संत्र्याची फोड, एवढ्यावर आळशी माणसाचीही संध्याकाळ होते. मात्र उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा. ती शेवटी वाइनच आहे, बाहेर शिळी होते.

बर्फ अजिबात न वापरणारी एक फ्रेंच परंपरा आहे. बर्गंडी प्रांतात आलिगोते नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन बरीच आंबट होते. दिजों शहरात काळ्या करंटचं दाट गोड मद्य होतं, क्रेम द कासीस. दोन्ही एकत्र केली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. फेलिक्स कीर हे धर्मगुरू आणि फ्रेंच प्रतिकार चळवळीतले गृहस्थ १९४५ पासून १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत दिजोंचे महापौर होते. पालिकेतल्या प्रत्येक स्वागतात ते हेच पेय पुढे करत, आणि अखेर ते ‘कीर’ म्हणूनच जगभर गेलं. आज साधारण एकास नऊ असं प्रमाण धरतात. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी ही कृती अगदी हाताशी आहे, कारण पाचगणी-महाबळेश्वरचे तुतीचे आणि काळ्या करंटचे क्रश दुकानात मिळतात. दोन चहाचे चमचे क्रश तळाशी, वर १२० मिली गार सोव्हिन्यों ब्लाँ. क्रशमध्ये सायट्रिक आम्लही असतं, म्हणून हात आखडता घ्या. रंग फिका गुलाबी दिसला पाहिजे, जांभळा झाला की समजा वाइन बुडाली.

स्पार्कलिंग वाइन भारतात पहिल्यांदा नाव काढण्यासारखी झाली ती पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात. १९८० च्या दशकात शॅटो इंडाजने तिथली वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. आता नाशिक आणि दिंडोरीच्या पट्ट्यात ती बऱ्याच ठिकाणी होते. कॉकटेलसाठी ती सोयीची, पण हाताळायला नाजूक. शँपेनसारख्या वाइनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो. द्रव जितका गार तितका कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून राहतो. कोमट बाटली उघडली तर निम्मी वाइन टेबलावर. तार सोडवताना अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. आवाज जेवढा कमी तेवढे बुडबुडे ग्लासात जास्त. आणि अशी वाइन शेकरमध्ये कधीही घालायची नाही.

व्हेनिसच्या हॅरीज बारचे जुझेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेक्को मिळून बेलिनी केलं. स्ट्रॉबेरी घातली की त्याचंच रोस्सिनी होतं. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की रोस्सिनी जरूर करा. पाच-सहा पिकलेल्या स्ट्रॉबेऱ्या चमचाभर साखर घालून वाटा, बारीक गाळणीतून गाळा आणि गर फ्रिजमध्ये ठेवा. गाळणं टाळू नका. गराच्या प्रत्येक कणावर आणि बीवर बुडबुडे धरतात, फेस उसळतो आणि वाइनमधला वायू दोन मिनिटांत निघून जातो. आधी ग्लासात ५० मिली गर, त्यावर थोडीशी वाइन घालून हळूच एकजीव करा, फेस बसू द्या, मग उरलेली १०० मिली ग्लासाच्या भिंतीवरून सोडा. हापूसचं असंच करायचा मोह सगळ्यांना होतो. हापूस दाट आणि गोड, त्याचा आंबटपणा पिकल्यावर उरत नाही, त्यामुळे पेय जड होतं. अगदीच हवं असेल तर गर ३० मिलीच्या वर नको आणि लिंबाचे चार थेंब घाला.

आता सांग्रिया. या पेयावर जगभर जितका अन्याय होतो तितका दुसऱ्या कुणावर होत नसेल. उरलेली वाइन, उरलेली फळं आणि डब्यातला रस एकत्र ढवळला की झाली सांग्रिया, असा समज आहे. स्पेन आणि पोर्तुगालने मात्र ती इतकी आपली मानली आहे की २०१४ च्या युरोपीय नियमानुसार या दोन देशांत तयार झालेल्या बाटलीवरच नुसतं ‘सांग्रिया’ छापता येतं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनातून ती अमेरिकेत पोचली आणि तिथून सगळीकडे.

वाइन तरुण, फळांच्या वासाची आणि ओकच्या पिंपात फार न राहिलेली हवी. गार असताना तुरटपणा जिभेला जास्त बोचतो, म्हणून खोलीच्या तापमानाला छान लागणारी दमदार लाल वाइन बर्फावर कडू होते. नाशिकची साधी झिनफँडेल किंवा हलकी शिराझ पुरे. वर्षानुवर्षं मुरवलेली महाग बाटली यात ओतणं म्हणजे ती करणाऱ्याचे कष्ट वाया घालवणं. संत्र्याच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी आणि सोललेल्या लिंबाच्या चकत्या, सगळ्यांच्या बिया काढून, मोठ्या भांड्यात घ्या आणि त्यांवर चार टेबलस्पून साखर भुरभुरून अर्धा तास झाकून ठेवा. साखर फळांतला रस बाहेर ओढते आणि स्वतः विरघळते. गार वाइनमध्ये कोरडी साखर टाकून ढवळत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मग ६० मिली ब्रँडी, २०० मिली ताजा संत्र्याचा रस आणि ७५० मिलीची पूर्ण बाटली. दालचिनीचा एक तुकडा, फार तर. तीन-चार तास फ्रिजमध्ये मुरू द्या, रात्रभर नको. सालीचा पांढरा भाग जास्त वेळ भिजला की कडवट उतरतो आणि सफरचंद लिबलिबीत होतं. केळं, पपई, चिकू यांना या भांड्यात जागा नाही, त्यांनी वाइन गढूळ होते. डाळिंबाचे दाणे मात्र शोभतात. वाढायच्या क्षणी ३०० मिली गार सोडा घाला. बर्फ भांड्यात टाकू नका, ज्याच्या त्याच्या ग्लासात टाका, म्हणजे शेवटच्या पाहुण्यालाही पहिल्यासारखीच सांग्रिया मिळते. वाइन १३ टक्क्यांची धरली तर हे मिश्रण साडेनऊ टक्क्यांच्या जवळ येतं. चव पाहताना ते किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गार झाल्यावर गोडी कमी जाणवते. नाशिकची बिनबियांची द्राक्षं धुऊन, पुसून, गोठवून बर्फाऐवजी ग्लासात टाकली तर एक थेंबही पाणी वाढत नाही. आधीच गार असलेली सांग्रिया ती गारच ठेवतात.

स्पॅनिश लोक स्वतः घरी सांग्रियापेक्षा तिंतो दे व्हेरानो जास्त पितात, असं तिथे राहिलेले सांगतात. यात लाल वाइन आणि लिंबाच्या वासाचं गोडसर सोडा-पेय निम्मं-निम्मं, एवढंच. आपल्याकडची कुठलीही लिंबाची कोल्ड्रिंक चालते. बास्क प्रांतात लाल वाइन आणि कोला निम्मं-निम्मं मिसळून कालिमोचो करतात. ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा करून पाहावं: कोलाची साखर, आम्ल आणि मसाल्याचा वास लाल वाइनच्या तुरटपणाला बरोबर पेलतो.

थंडीतल्या गरम वाइनमध्ये पाण्याचा प्रश्न उलटा होतो. इथे भीती उडून जाण्याची. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि वाइनचा वास त्याच्या बराच आधी निघून जातो. म्हणून मसाले वाइनमध्ये उकळू नका. अर्धी वाटी पाण्यात चार चमचे साखर, दालचिनी, चार लवंगा, दोन वेलदोडे आणि संत्र्याची साल दहा मिनिटं उकळून पाक करा, मग त्यात लाल वाइन घालून वाफ दिसू लागेपर्यंतच तापवा. बुडबुडा दिसला की उशीर झाला.

उरलेल्या वाइनबद्दल एक शेवटची गोष्ट. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस कॉकटेलपुरती चांगली राहते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिचा फळाचा वास आधी मंदावतो, नंतर जिवाणू तिचं व्हिनेगर करू लागतात. व्हिनेगरचा वास आला की ती कुठल्याच कॉकटेलमध्ये घालू नका. साखरेने तो झाकला जात नाही. पण वास फक्त मंदावला असेल तर एक वाटी लाल वाइन आणि एक वाटी साखर मंद आचेवर निम्मी होईपर्यंत आटवा. त्यातलं अल्कोहोल बहुतेक निघून जातं आणि गडद, आंबट-गोड पाक उरतो. बाटलीत भरून फ्रिजमध्ये तो काही आठवडे टिकतो. पुढच्या स्प्रिट्झमध्ये संत्र्याच्या पाकाऐवजी १५ मिली हा घाला, किंवा वाइन न पिणाऱ्या पाहुण्यासाठी सोडा आणि लिंबाबरोबर द्या. मात्र तो अल्कोहोल पूर्ण टाळणारा असेल, तर पाक वाइनचा आहे हे आधी सांगा.